एकच जंगल धरा : मुंबईच्या ट्रेक-लीडर मंडळींना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतून दर शनिवार-रविवारी माणसांना डोंगरात घेऊन जाणारे सर्व ट्रेक-लीडर

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या बहुतेकांची माझी ओळख नाही, पण तुमचं काम मला आतून ठाऊक आहे. पुलाखाली रात्री उशिरा उभी राहिलेली बस, हातातली यादी, कोण अजून लोकलमध्ये अडकलंय त्याला लावलेले फोन, चपला घालून आलेल्याला दटावणं, गाडी लागणाऱ्याला पुढची सीट देणं. पहाटे पायथ्याच्या गावात पोह्यांची वाट पाहत ताटकळलेली मंडळी, आणि संध्याकाळी परत मोजताना एक डोकं कमी भरलं की पोटात पडणारा गोळा. मी अकरा वर्षं हे केलं. पोरांना, बायकांना, साठी उलटलेल्या माणसांना पहिल्यांदा रानात नेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पाहायला मिळणं हे मोठं भाग्य आहे असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. म्हणून हे पत्र परक्या माणसाचं समजू नका.

पत्र लिहायचं कारण, यंदा तुमच्या पावसाळी पोस्टर्सवर दिसलेली नावं. हरिहरच्या पायऱ्यांवर आणि देवकुंडाच्या वाटेवर माणसांच्या रांगा लागायला लागल्या, तेव्हापासून तुम्ही नव्या जागा शोधताय हे दिसत होतं. आता पोस्टरवर कर्नाळा आहे, फणसाड आहे, तानसा आहे, तुंगारेश्वर आहे. वर लिहिलेलं असतं, ‘गर्दी टाळा’, ‘अनएक्सप्लोर्ड जंगल’, ‘मुंबईजवळचं गुपित’. ही नावं वाचून मला आधी आनंद झाला. इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आले, की कळसूबाई आणि लोहगड सोडूनही जग आहे, आपल्या उंबऱ्याशी लहान लहान अभयारण्यं आहेत, तिथे जा. मग पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात वाचलं, ‘१०० जागा, लवकर नोंदणी करा’. तिथे मला भीती वाटली.

कर्नाळ्याचंच घ्या. १९६८ साली हे पक्षी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. २००३ मध्ये वाढवलं तरी आज ते १२.११ चौरस किलोमीटर आहे, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या मधूनच जातो. त्याच्या तुलनेत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे. आपण कर्नाळ्यात चालतो त्या वाटा म्हणजे गडाची वाट आणि मोरटाका व हरियाल या दोन निसर्गवाटा. शंभर माणसं त्यातल्या एका वाटेवर उतरली, की त्या अख्ख्या डोंगरउताराला त्यांचा आवाज ऐकू जातो. मोठ्या जंगलात प्राणी-पक्षी शेजारच्या दरीत सरकतात. इथे शेजारच्या दरीत ट्रकचे हॉर्न असतात. त्यांना सरकायला जागाच नाही.

एक प्रसंग सांगते. तो मी आजवर जाहीर लिहिलेला नाही.

जुलै महिना होता. एका लहान अभयारण्यात वाटेशेजारच्या ओढ्याच्या मातीच्या दरडीत तिथल्या वनमजुरांनी मला आठवडाभर आधी एक बीळ दाखवलं होतं. तिबोटी खंड्याचं. ज्यांनी हा पक्षी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, चिमणीहूनही लहान, जांभळा, निळा, नारिंगी, पिवळा असे रंग एका मुठीत बसवलेले, आणि पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. पावसाच्या तोंडावर तो कोकणपट्टीत येतो, ओढ्याकाठच्या दरडीत नर आणि मादी मिळून चोचीने बोगदा खणतात आणि आत अंडी घालतात. सगळा संसार पावसाच्या तीन-चार महिन्यांत उरकायचा असतो. म्हणजे नेमके तेच महिने, ज्यांत आपण सगळ्यांत जास्त बसेस काढतो.

पुढच्या रविवारी मी चोपन्न माणसं घेऊन त्याच ओढ्यावर गेले. बीळ कुठे आहे ते मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, न सांगणं पुरेसं आहे. जेवायला आम्ही ओढ्यात उतरलो. आठ-दहा मुलं दरडीवरून घसरत पाण्यात उड्या मारायला लागली. ओल्या मातीची घसरगुंडी, सगळे हसत होते, मीही हसत होते. दरड ढासळली तेव्हा कुणाला काही कळलं नाही, मलाही नाही. निघताना मागे वळून पाहिलं तर पाण्यावर वाकलेल्या एका फांदीवर तो पक्षी बसला होता, चोचीत सापसुरळीचं पिल्लू धरून. बीळ होतं तिथे आता ताज्या मातीचा ओघळ होता. तो उडायचा, ओघळापाशी थरथरत थांबायचा, पुन्हा फांदीवर जायचा. घास चोचीतच होता.

त्या मुलांचा दोष नव्हता. त्यांना त्या दरडीत कुणाचं घर आहे हे माहीत असायचं कारणच नव्हतं. ते माहीत असायला हवं होतं मला, आणि मला ते माहीतही होतं, पण चोपन्न माणसांच्या जेवणाला तेवढी एकच मोकळी जागा होती. हा हिशोब तुम्हीही दर आठवड्याला करता, म्हणून सांगतेय. माणसं जास्त असली की जागा आपण निवडत नाही, संख्या निवडते.

संख्या कुठून येते? बसमधून. बसचं भाडं ठरलेलं असतं. ती अर्धी भरली तर पदरचे पैसे जातात, म्हणून आपण ती भरतो, आणि मागणी आली की दुसरी लावतो. मला सांगावंसं वाटतं, या लहान जंगलांना बस लागतच नाही. गडांना लागते, कारण पायथ्याची गावं आडबाजूला असतात. पण कर्नाळ्याला पनवेलपर्यंत लोकल आणि पुढे पेण-अलिबागकडे जाणारी एसटी पुरते. तीच एसटी वाटेत शिरढोणवरून जाते, वासुदेव बळवंत फडक्यांच्या गावावरून. तुंगारेश्वरला वसई रोड स्टेशनला उतरून रिक्षा करायची. तानसाच्या अभयारण्यातल्या माहुलीसाठी आसनगाव, तलावाच्या बाजूला जायचं तर आटगाव, दोन्ही कसारा मार्गावर. ऐरोलीच्या खाडीवर जायला ट्रान्स-हार्बरची लोकल. एकटं फणसाड तेवढं लांब, मुरुडच्या बाजूला, सुपेगावच्या फाटकापाशी. लोकलने गेलात तर बारा माणसं घेऊन जाणं आणि पन्नास माणसं घेऊन जाणं यांत तुमच्या खिशाला फरक पडत नाही. जंगलाला पडतो.

आता माझं खरं मागणं. वर्षभराचं कॅलेंडर आखताना बारा महिन्यांत बारा नव्या जागा लावू नका. एक लहान जंगल निवडा आणि बारा महिने तिथेच जा.

तुम्ही म्हणाल, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा कोण येईल? मी बस सोडल्यानंतरची गेली काही वर्षं हेच करतेय, कर्नाळ्यात, दहा-बाराच्या गटाने, आणि माणसं येतात. कारण ते जंगल कधीच तेच नसतं. जानेवारीत झाडीत उत्तरेकडून आलेले छोटे माशीमार असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पांगारा फुलतो आणि एकेका झाडावर मैना, बुलबुल, कोतवाल यांची अशी झुंबड उडते, की त्या झाडाखाली बसून तासभर मान वर करून राहिलं तरी कंटाळा येत नाही. एप्रिलमध्ये पानगळ झालेली असते, मोकळ्या फांद्यांतून पक्षी दिसतात, आणि पाणवठ्यापासून लांब, न हलता बसलं की काय काय पाणी प्यायला येतं. मे महिन्यात बहावा. मेच्या अखेरीला नवरंग पक्षी येतो, त्याची दोन सुरांची शीळ सकाळी आणि दिवेलागणीला ऐकू येते. पहिला पाऊस झाला की शीळकरी कस्तुर ओढ्यावर गायला लागतो, अगदी एखादं पोर रमतगमत शीळ घालत चाललंय असं वाटावं. मग तिबोटी खंड्या. भाद्रपदात तेरडा, आणि पाऊस ओसरला की फुलपाखरं. नीलवंत, म्हणजे २०१५ मध्ये आपण राज्याचं फुलपाखरू ठरवलं ते, इतकं मोठं असतं की लहान मुलंही ते लगेच ओळखायला शिकतात.

आणि काही गोष्टी तर एका वर्षातही दिसत नाहीत. कारवीचं झुडूप आठ वर्षांतून एकदा फुलतं. बोरिवलीच्या उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली आणि मग २०२४ मध्ये. २०१६ ला आईचं बोट धरून आलेली एक मुलगी २०२४ ला कॉलेजच्या पहिल्या वर्षात होती. ती आपणहून आली आणि पहिल्या खेपेला आपण कुठे उभे होतो ती जागा तिने मला दाखवली. एका रविवारच्या पॅकेजमध्ये हे कुठून बसवणार?

पुन्हा पुन्हा गेलं की दुसरी एक गोष्ट घडते. फाटकावरचे वनरक्षक तुम्हाला ओळखायला लागतात. आजूबाजूच्या वाड्यांतली ठाकर आणि कातकरी माणसं तुमच्याशी बोलायला लागतात. पहिल्या खेपेला ते फक्त रस्ता दाखवतात. पाचव्या खेपेला कुठल्या झाडावर गेल्या वर्षी धनेशाचं घरटं होतं ते सांगतात, आणि कुठे जाऊ नका तेही सांगतात. त्यातल्या एखाद्याला दर वेळी वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि त्याचे पैसे बाईमाणूस-बाप्यामाणूस न पाहता, घासाघीस न करता द्या. तुमच्या पोस्टरवर तुमच्या नावाच्या शेजारी त्याचंही नाव छापा. मी अकरा वर्षांत ते एकदाही केलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

कर्नाळ्याच्या सुळक्यावरच्या मधमाश्यांचं मात्र आधीच सांगून ठेवते, कारण तिथे पाच खेपांनी शिकायची सोय नाही. त्या अंगठ्यासारख्या कातळावर आग्या मोहोळाची पोळी असतात. आरडाओरडा, धूर, भडक वासाचे स्प्रे, दगड मारणं, यांतलं काहीही तिथे जिवावर बेतू शकतं. गटातल्या कुणी अंगावर अत्तर फवारलं असेल तर त्याला गडावर नेऊ नका, निसर्गवाटेवर न्या. तो नाराज झाला तरी चालेल.

जंगल निवडताना फक्त उंच आणि हिरव्यागार जागाच डोक्यात ठेवू नका, अशीही विनंती आहे. तुमच्याकडे गुडघे दुखणारी माणसं फोन करतात आणि तुम्ही त्यांना सौम्य शब्दांत नाही म्हणता. त्यांना माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्या. धारावी आणि शीवच्या मध्ये, मिठी नदीच्या काठाला ३७ एकरांत ते आहे. ती जागा एकेकाळी मुंबईचा कचरा टाकण्याची होती. १९८३ मध्ये डॉ. सलीम अली यांच्या हस्ते तिथे रोप लावलं गेलं, १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं, आणि आज कचऱ्याच्या थरांवर उभ्या असलेल्या त्या झाडीत उभं राहिलं की धारावीचा रस्ता हाकेच्या अंतरावर आहे हे पटत नाही. हाताने लावलेलं जंगल आहे ते. आपल्या शहरात माणसांनी बिघडवलेलं माणसांनीच पुन्हा उभं केल्याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही, आणि मुंबईत जन्मलेली कितीतरी माणसं तिथे एकदाही गेलेली नाहीत.

किंवा ऐरोलीला जा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. लोक तिथे फक्त रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला जातात, हिवाळा ते उन्हाळा, आणि बोटीची फेरी भरती-ओहोटी पाहून ठरते म्हणून चिडतात. खाडीला आपली रजा आणि आपला रविवार कळत नाही. भरतीचं वेळापत्रक पाहूनच तारीख लावा. रोहित नसतील तेव्हाही तिवरांच्या मुळांतल्या चिखलात निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारताना दिसतात, एक नांगी भली मोठी असलेले खेकडे ती नांगी हलवत एकमेकांना खुणावत असतात, आणि २०२० मध्ये राज्याचं कांदळझाड ठरलेली पांढरी चिप्पी कोणती, तिवर कोणतं, हे ओळखायला एक सकाळ जाते. कोळीवाड्यातल्या एखाद्या बाईला बरोबर घेतलंत तर ती तुम्हाला या चिखलाबद्दल जे सांगेल ते फलकांवर लिहिलेलं नाही.

तानसाचं एक वेगळं ऋण आहे. मुंबईच्या नळाला येणारं पाणी ज्या सात तलावांतून येतं त्यांतला तानसा एक, आणि त्याच्याभोवतीचं जंगल ते पाणी धरून ठेवतं. त्याच जंगलात २०१४ मध्ये रानपिंगळा, म्हणजे एक छोटं दुर्मीळ घुबड, सापडला. शंभराहून अधिक वर्षं तो नाहीसा झाला असं समजलं जात होतं, १९९७ मध्ये नंदुरबारकडे तो पुन्हा दिसला, आणि मग चक्क मुंबईच्या पाण्याशेजारी. तिथे गेलात तर रात्री टॉर्च घेऊन घुबडं शोधू नका, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. तो तुम्हाला दुसरा घुबड समजून आपली हद्द राखायला बाहेर येतो आणि त्यात त्याची शिकारीची वेळ जाते.

काजव्यांच्या ट्रेकबद्दलही एवढंच सांगायचंय. मे-जूनमध्ये झाडभर लुकलुकणारे काजवे म्हणजे नरांनी माद्यांना घातलेली साद असते. गाड्यांचे हेडलाइट आणि शंभर टॉर्च त्यांच्यावर पडले की ती साद पोहोचत नाही. तुम्ही तिकडे गट नेताच, तर अंधार पडायच्या आत पोहोचून, दिवे विझवून, एकाच जागी बसून राहायचं असं आधीच कबूल करून घ्या. ज्यांना फोटो हवाच आहे त्यांना सांगा की या ट्रेकला येऊ नका.

आणि कचऱ्याचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या २७ व्या कलमात अभयारण्याच्या जमिनीवर कचरा टाकायला आणि वन्यप्राण्याला त्रास द्यायला सरळ मनाई आहे. म्हणजे चिप्सचं पाकीट टाकणं हा तिथे बेशिस्तपणा नाही, कायद्याचा भंग आहे, आणि गट तुमचा असेल तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. काही फाटकांवर बाटल्या आणि पाकिटं मोजून अनामत ठेवून घेतात. रांगेत उभं राहावं लागतं म्हणून त्यावर कुरकुर करणारे लीडर मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. तुमच्याच माणसांसमोर त्या वनमजुरांशी आदराने बोला. तुम्ही त्यांना काका, मामा, ताई म्हणालात तर मागची चाळीस माणसंही तसंच म्हणतात.

पावसाळ्यात पोलीस आणि प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतात. बंदी आली की गर्दी शेजारच्या ओढ्यावर सरकते, आणि तो शेजारचा ओढा कुणी दाखवला, तर एखाद्या रीलने, खाली नकाशाची खूण टाकून. तुमच्या रील्स लाखो लोक पाहतात. लहान अभयारण्यातल्या ओढ्यांची आणि घरट्यांची नेमकी जागा त्यात टाकू नका. फाटकाचा पत्ता टाका. तिथून पुढे चालत गेलेल्यालाच ते दिसू द्या.

तुमच्या पुढच्या वर्षाचं कॅलेंडर दिवाळीनंतर छापायला जाईल. त्यात प्रत्येक महिन्याच्या एका रविवारी एकाच जंगलाचं नाव लिहा. संख्या पंधरा. लोकलने. मला कळवलंत तर कर्नाळ्याच्या रविवारी मी वाट दाखवायला येईन. फक्त जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओढ्यात उतरायचं नाही. आपण वरच्या दगडावर बसून डबे खाऊ.

आपली,
एक जुनी लीडर
मुलुंड, मुंबई